गेरू, कॅसेटची फीत आणि चुंबकाचे नॅनोकण

दर काही महिन्यांनी मोबाइलवर एखादी बातमी फिरत येते. आयर्न ऑक्साइडच्या चुंबकीय नॅनोकणांनी कर्करोगाची गाठ आतून तापवली, पाण्यातलं आर्सेनिक ओढून काढलं, औषध नेमक्या जागी नेऊन सोडलं. बातमीत ‘सुपरपॅरामॅग्नेटिक’ हा शब्द हमखास असतो आणि तो समजावून सांगायच्या भानगडीत कोणी पडत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, फ्रिजवर लावायच्या चुंबकाची बारीक पूड केली की झालं काम.

तसं होत नाही. चुंबकाची पूड बारीक करत गेलं की एका टप्प्यानंतर ती चुंबकासारखी वागायचं सोडून देते. उलट, चुंबक ज्याला ढुंकूनही पाहत नाही अशा काही पदार्थांची पूड पुरेशी बारीक झाली की तिच्यात थोडंसं चुंबकत्व दिसू लागतं. रसायन तेच, सूत्र तेच, फक्त कणाचा आकार बदलला. हे कसं, ते समजायला क्वांटम भौतिकी शिकायची गरज नाही. थोडा हिशेब मात्र करावा लागेल.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना ढोबळमानाने नॅनोकण म्हणतात.

अणू चुंबक असतात, पण तेवढ्याने भागत नाही

लोह, कोबाल्ट, निकेल, मँगेनीज यांचा एकेक अणू हाच एक इवलासा चुंबक असतो. त्यातल्या इलेक्ट्रॉनांना ‘स्पिन’ नावाचा गुण असतो, त्यामुळे त्या अणूला दिशा असते: उत्तर टोक इकडे, दक्षिण टोक तिकडे. सोयीसाठी पुढे या अणूच्या दिशेलाच स्पिन म्हणू.

पण असे कोट्यवधी अणू एका तुकड्यात असले आणि प्रत्येकाचं तोंड भलतीकडे असलं, तर बाहेरून काहीच जाणवत नाही. शेजारच्या अणूंनी आपापल्या दिशा एकमेकांशी जुळवून घेतल्या की तुकड्याला चुंबकीय गुण येतो. या जुळवणीला चुंबकीय क्रम म्हणतात. हा क्रम उष्णता मोडायला बघते. पदार्थ जितका गरम, तितकी अणूंची थरथर जास्त, आणि एका ठरावीक तापमानाला क्रम पुरता विस्कटतो. लोखंडासाठी हे तापमान ७७० अंश सेल्सिअस आहे. पिएर क्यूरी यांनी १८९५ मध्ये या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्या तापमानाला त्यांचं नाव मिळालं.

ऑक्साइडमध्ये चालते रस्सीखेच

लोखंडाच्या तुकड्यात अणू एकमेकांना खेटून असतात आणि शेजारी-शेजारी एकाच दिशेला तोंड करतात. ऑक्साइडमध्ये धातूच्या दोन अणूंच्या मधे ऑक्सिजन बसलेला असतो. त्या दोघांचा व्यवहार ऑक्सिजनमार्फत चालतो, आणि बहुतेक वेळा निकाल असा लागतो की एकाचं तोंड वर, तर पलीकडच्याचं खाली.

रस्सीखेचीसारखं समजा. दोन्ही बाजूंना सारखेच गडी, सारखाच जोर. सगळे जीव तोडून ओढतायत, पण दोर जागचा हलत नाही. मँगेनीज ऑक्साइड, निकेल ऑक्साइड यांचं असंच आहे. आत क्रम अगदी शिस्तीत, बाहेर चुंबकत्व शून्य. याला अँटिफेरोमॅग्नेटिक म्हणतात. बाहेरून काही दिसतच नसल्यामुळे हा क्रम खरोखर आहे हे दाखवणं अवघड होतं. १९४९ मध्ये अमेरिकेत क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी मँगेनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनचा झोत टाकून ही वर-खाली मांडणी प्रत्यक्ष दाखवली. न्यूट्रॉन स्वतःही बारीकसे चुंबक असल्यामुळे त्यांना आतल्या अणूंच्या दिशा कळतात. या तंत्रासाठी शल यांना पुढे १९९४ च्या नोबेल पुरस्काराचा निम्मा वाटा मिळाला.

आता एका बाजूला गडी जास्त असतील तर? दोर त्या बाजूला सरकेल. मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये नेमकं हेच घडतं. दर तीन लोह अणूंपैकी एक एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला. त्यातले दोन एकमेकांना फेडतात आणि उरलेल्या एकाचं चुंबकत्व आपल्याला जाणवतं. याला फेरिमॅग्नेटिक म्हणतात. हे कोडं फ्रान्सच्या लुई नेल यांनी १९४८ मध्ये सोडवलं. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, कारण या विषयातल्या निम्म्या वाटा त्यांनीच पाडल्या आहेत. १९७० मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं.

गावाकडे भिंतीला, चुलीला, कुंडीला लावतात तो गेरू म्हणजे मुख्यतः हेमटाइट: दोन लोह अणूंमागे तीन ऑक्सिजन. त्याला चुंबक लावून पाहा, लाल पूड जागची हलत नाही. कारण त्यात दोन्ही बाजूंचे गडी जवळपास बरोबरीत सुटतात. जुन्या ऑडिओ कॅसेटच्या तपकिरी फितीवर जी पूड असायची, तिचं सूत्रही हेच: दोनाला तीन. फक्त अणूंची बैठक वेगळी. तिला मॅगेमाइट म्हणतात आणि ती चांगली चुंबकीय असते, म्हणून तर त्यावर गाणी टिकायची. म्हणजे कोणकोणते अणू आहेत एवढ्यावरून पदार्थ चुंबकीय की नाही ते ठरत नाही, कोण कुठे बसलंय तेही बघावं लागतं. (गंजलेला खिळा चुंबकाला चिकटतो तो आतल्या लोखंडामुळे. वरचा गंज खरवडून त्याची पूड वेगळी केली तर ती फारसा उत्साह दाखवत नाही.)

आता कण लहान करत जाऊ

मोठ्या तुकड्यात सगळे स्पिन एकाच दिशेला नसतात. तुकडा आतून भागांत वाटलेला असतो. प्रत्येक भागात एकी, पण शेजारच्या भागाची दिशा निराळी. या भागाला डोमेन म्हणतात. मॅग्नेटाइटचा कण साधारण ८०-१०० नॅनोमीटरच्या खाली आला की असे विभाग पाडणं त्याला परवडत नाही. मग आख्खा कण एकच डोमेन होतो, सगळा कण मिळून एक चुंबक.

इथपर्यंत कण लहान करणं फायद्याचंच दिसतं. गडबड पुढे आहे.

कणातल्या स्पिनांच्या सगळ्या गठ्ठ्याची दिशा स्फटिकाच्या एखाद्या सोयीच्या रेषेला धरून असते. उलटं फिरायचं तर मधली चढण पार करावी लागते, आणि ही चढण किती मोठी हे कणाच्या घनफळावर ठरतं. व्यास निम्मा केला की घनफळ आठपट घटतं, म्हणजे चढणही आठपट बुटकी होते. दुसरीकडे खोलीच्या उष्णतेचे धक्के तेवढेच राहतात. एका मर्यादेनंतर हे धक्केच कणाची दिशा आपोआप उलटवू लागतात. आता वर, मग खाली, पुन्हा वर. आतला क्रम शाबूत असतो, पण तो आख्खाच्या आख्खा कोलांट्या खातो.

ही कोलांटी सरासरी किती वेळाने होते याचं गणित नेल यांनी १९४९ मध्ये मांडलं. गंमत म्हणजे त्यांच्या त्या लेखाचा रोख भाजलेल्या मातीच्या भांड्यांतल्या बारीक चुंबकीय कणांवर होता. त्या काळी नॅनो हा शब्द कोणाच्या तोंडीही नव्हता.

मॅग्नेटाइटचे गोल कण, खोलीचं तापमान, चढणीचा आकडा दर घनमीटरला सुमारे १३,००० जूल आणि धक्क्यांचा वेग सेकंदाला एक अब्ज धरून तो हिशेब मी इथे करून दाखवतो. १० नॅनोमीटरचा कण काही नॅनोसेकंदांत उलटतो. २० नॅनोमीटरचा, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. २५ नॅनोमीटरचा, दोन-अडीच मिनिटांत. ३० नॅनोमीटरच्या कणाला सुमारे सहाशे वर्षं लागतात. आणि ३४ नॅनोमीटरचा कण? विश्वाचं आजचं वय त्याला पुरणार नाही.

पुन्हा एकदा वाचा. २५ आणि ३४ मध्ये फरक फक्त नऊ नॅनोमीटरचा. प्रत्यक्षात कणाचा आकार, त्यातली अशुद्धी, शेजारचे कण यांनी हे आकडे मागेपुढे होतात, पण उतार इतकाच तीव्र राहतो. बातमीत नुसतं ‘नॅनोकण’ लिहून आकार न सांगणं म्हणजे काहीच न सांगणं, असं माझं मत आहे ते यामुळे.

दर क्षणी कोलांट्या मारणाऱ्या या अवस्थेला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. चुंबक जवळ आणला की सगळे कण त्याच्याकडे तोंड करतात आणि जोरात ओढले जातात. चुंबक दूर नेला की क्षणात विसरतात.

मग तो कण चुंबक आहे की नाही?

बरोबर शंका आहे. याचं उत्तर तुम्ही किती वेळ बघता त्यावर अवलंबून आहे. प्रयोगशाळेतलं नेहमीचं मोजमाप यंत्र एका मापाला शंभरेक सेकंद घेतं. तेवढ्या वेळात कण लाखो वेळा उलटला तर सरासरी शून्य येते आणि यंत्र सांगतं, चुंबकत्व नाही. मॉसबॉवर नावाचं दुसरं तंत्र कणाकडे काही नॅनोसेकंदांपुरतंच बघतं. त्याला तोच कण, त्याच तापमानाला, एका दिशेला स्थिर दिसतो. दोन्ही यंत्रं खरं बोलतात. म्हणून ‘अमुक तापमानाखाली कण स्थिरावतो’ असं विधान यंत्राचं नाव घेतल्याशिवाय अपुरं असतं. कण थंड करणं आणि तो भराभर मोजणं, दोन्हींचा परिणाम सारखाच.

उलट दिशेने विचार करा. कण मोठा असेल, तर तो लाखो वर्षंही जुनी दिशा सोडत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहिला. थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या जातीच्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी ती मोजली, तेव्हा दिसलं की हा कातळ थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात हे मानायला भूवैज्ञानिक त्या काळी फारसे राजी नव्हते. त्यांचं मत पालटणाऱ्या पुराव्यांत घाटातल्या दगडातले हे कणही होते.

निसर्गाने हे गणित आपल्याआधी सोडवलंय असं म्हणायचा मोह होतो, आणि एका बाबतीत ते खरंच आहे. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये चिखलातले असे जिवाणू जगासमोर आणले, जे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून पोहतात. त्यांच्या पोटात मॅग्नेटाइटच्या कणांची माळ असते. कणांचा आकार साधारण ३५ ते १२० नॅनोमीटर. याहून लहान असते तर दिशा विसरले असते, फार मोठे असते तर आत डोमेन पडून जोर कमी झाला असता.

विसरणारा चुंबक काय कामाचा?

कोविडच्या काळात नाकातला स्वॅब प्रयोगशाळेत जायचा, तिथे बऱ्याच ठिकाणी हेच कण वापरले जात. नळीतल्या द्रवात तपकिरी गढूळ थेंब टाकतात. तो थेंब म्हणजे सिलिकासारखं आवरण असलेले मणी, आणि प्रत्येक मण्यात आयर्न ऑक्साइडचे पुष्कळ नॅनोकण. विषाणूचा आरएनए त्या आवरणाला चिकटतो. नळी चुंबकाच्या स्टँडवर ठेवली की मिनिटभरात सगळा तपकिरी रंग एका भिंतीशी डाग होऊन जमतो आणि बाकीचं पाणी नितळ होतं. ते पाणी पिपेटने ओढून टाकायचं, धुवायचं, चुंबक बाजूला करायचा, नळी हलवायची. पुन्हा सगळं सारखं तपकिरी.

शेवटची पायरी महत्त्वाची. मण्यांनी चुंबकत्व लक्षात ठेवलं असतं तर ते एकमेकांना चिकटून गोळा झाले असते आणि पुन्हा सुटे झालेच नसते. म्हणून आत मुद्दाम विसरभोळे कण भरतात.

कर्करोगाच्या उपचारात हिशेब आणखी काटेकोर लागतो. गाठीत कण सोडून बाहेरून दिशा बदलत राहणारं चुंबकीय क्षेत्र लावतात, सेकंदाला सुमारे एक लाख वेळा. क्षेत्र उलटतं, कण जरा मागे पडून उलटतो, आणि या मागे पडण्यातून उष्णता निर्माण होते. कण फार चपळ असेल तर तो क्षेत्राच्या बरोबरीने फिरतो, उष्णता नाही. फार सुस्त असेल तर हलतच नाही, तरीही फारशी उष्णता नाही. आपल्या वरच्याच आकड्यांनी या वेगाला जुळणारा मॅग्नेटाइटचा कण १६-१७ नॅनोमीटरचा निघतो. बनवताना तीन-चार नॅनोमीटर इकडेतिकडे झाले तर घाण्याचा बराचसा माल वाया. युरोपात २०१० मध्ये मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगासाठी, रेडिओथेरपीच्या जोडीने, असा एक उपचार मंजूर झाला. त्यात रुग्णाच्या दातांतलं धातूचं भरण आधी काढावं लागतं, कारण तेही तापतं. आणि नंतर त्या भागाचा एमआरआय नीट येत नाही, कारण कण चित्रच बिघडवतात. उपचार आहे, पण ‘चुंबक फिरवला आणि गाठ गेली’ असला प्रकार नव्हे.

अंगात लोखंडाचे कण, म्हणजे धोका नाही का?

आयर्न ऑक्साइडच्या बाबतीत शरीर बऱ्यापैकी समंजस आहे. कण हळूहळू विरघळतात आणि लोह शरीराच्या साठ्यात जमा होतं. इतकं की फेरुमॉक्सिटॉल नावाचे आवरण चढवलेले कण अमेरिकेत २००९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तातलं लोह वाढवण्यासाठी शिरेतून देतात. पण २०१५ मध्ये त्याच औषधावर तीव्र अ‍ॅलर्जीचा ठळक इशारा छापावा लागला. दोन्ही गोष्टी सोबत लक्षात ठेवाव्यात.

कोबाल्ट मिसळलेले ऑक्साइड ही वेगळी जात. त्यांची चढण मॅग्नेटाइटच्या दहा-पंधरा पट उंच, त्यामुळे १० नॅनोमीटरचा कणही मिनिटभर दिशा धरून राहू शकतो. भौतिकीच्या दृष्टीने मोहक, पण सुटं कोबाल्ट शरीराला विषारी. शोधनिबंधात असे कण दिसले म्हणून ते उद्या इंजेक्शनात येतील असं समजू नये.

कणाची साल वेगळी वागते

आता दुसरा चमत्कार: अचुंबकीय पुडीतलं चुंबकत्व. त्यासाठी कणाच्या पृष्ठभागाकडे बघायला हवं. वरचा ०.३ नॅनोमीटरचा, म्हणजे अणूच्या एका थराएवढा, पापुद्रा धरला तर ५० नॅनोमीटरच्या कणात तो एकूण मालाच्या साडेतीन टक्के असतो. ५ नॅनोमीटरच्या कणात जवळपास बत्तीस टक्के. म्हणजे तिसरा हिस्सा अणू काठावर, ज्यांना एका बाजूला शेजारीच नाहीत.

शेजारी नसले की शिस्त ढिली पडते. मायकेल कोई यांनी १९७१ मध्ये ६ नॅनोमीटरच्या मॅगेमाइट कणांत दाखवलं की पृष्ठभागावरचे स्पिन बळकट क्षेत्रालाही पुरते जुमानत नाहीत, तिरकेच राहतात. त्यामुळे लहान कणांचं दर ग्रॅम चुंबकत्व मोठ्या तुकड्यापेक्षा कमी भरतं.

अँटिफेरोमॅग्नेटिक ऑक्साइडमध्ये मात्र काठ उलटा परिणाम करतो, हे नेल यांनी १९६१ मध्ये सुचवलं. आपली रस्सीखेच आठवा. दोन्ही बाजूंना अब्जावधी गडी असले की एखाद-दुसरा जास्त असून काय फरक पडणार? ५ नॅनोमीटरच्या निकेल ऑक्साइडच्या कणात निकेलचे अणूच सुमारे साडेतीन हजार. कडेने ते वेडेवाकडे तुटले की दोन बाजूंत साठेक अणूंची तफावत सहज पडते. दोन टक्क्यांच्या आतबाहेर का होईना, दोर हलतो. प्रत्यक्षात मोजलेलं चुंबकत्व याहूनही जास्त निघालं, आणि १९९७ मध्ये कोडामा, मखलूफ व बर्कोविट्झ यांनी त्याचा उलगडा असा मांडला की इतक्या लहान कणात दोन बाजूंचा साधा खेळच राहत नाही, स्पिन अनेक गटांत विभागले जातात.

ज्यात चुंबकीय अणूच नाही, त्याचं काय?

इथे विषय तापतो. झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिना, सिरियम ऑक्साइड यांत लोह-निकेलसारखा अणू नाही. तरी बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात ए. सुंदरेसन, सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की अशा ऑक्साइडांचे ७ ते ३० नॅनोमीटरचे कण खोलीच्या तापमानाला क्षीण चुंबकत्व दाखवतात, आणि तेच भाजून घट्ट केले की ते जातं. त्यांचं स्पष्टीकरण: पृष्ठभागावर काही ऑक्सिजन अणूंच्या जागा रिकाम्या राहतात आणि तिथे अडकलेले इलेक्ट्रॉन चुंबकासारखे वागतात.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप अगदी घरगुती आहे: डाग लागला असेल. हे चुंबकत्व मॅग्नेटाइटपेक्षा हजारो पटींनी कमी असतं. एका ग्रॅम पुडीत चार-पाच मायक्रोग्रॅम लोखंड चुकून गेलं तरी तेवढा आकडा येतो. ही शंका हवेतली नाही. २००४ मध्ये डब्लिनच्या एका गटाने हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरात चुंबकत्व सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी तसे थर काळजीपूर्वक बनवून मोजले, तर काहीच नाही. मग त्यांनी नमुना स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरला, आणि चुंबकत्व हजर.

बंगळूरचा निष्कर्ष एवढ्याने बाद ठरत नाही, कारण लोखंडाचा डाग नुसत्या भाजण्याने नाहीसा होईलच असं नाही आणि त्यांच्या मोजमापात तर तो गुण भाजल्यावर गेला. पण भट्टीत लोखंडाचं रूप बदलून ते कमी चुंबकीय होऊ शकतं, असं दुसरी बाजू म्हणते, आणि तेही खोटं नाही. मला स्वतःला पृष्ठभागावरच्या रिकाम्या जागांची कल्पना पटते, पण प्रत्येक प्रयोगशाळेच्या प्रत्येक पुडीसाठी नाही. आता या कामात नमुना प्लास्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या चिमट्याने उचलतात, नमुना ज्यात ठेवतात त्या रिकाम्या कॅप्सूलचं मोजमाप आधी वेगळं घेतात आणि ते वजा करूनच आकडा लिहितात.